पाटी कंपनीची, गल्ला आपला. पण कंपनी कोणाची?

गेल्या महिन्यात कोकणातील एक वाचकबंधू आमच्या कार्यालयात आले. वडिलांची बेकरी. पाव, खारी, टोस्ट आणि नानखटाई यांवर दोन पिढ्या जगल्या. थोरले भाऊ चौदा वर्षे आखातात होते, ते आता कायमचे परत आले आहेत. त्यांची कमाई घरात पडून राहण्यापेक्षा धंद्यात लागावी, असा घरचा विचार. तेवढ्यात खाद्यपदार्थांच्या एका नावाजलेल्या कंपनीचा माणूस भेटला. ‘तुमची जागा, आमचे नाव. माल, सजावट, जाहिरात सारे आमचे. तुम्ही फक्त गल्ल्यावर बसा,’ असे त्याने सांगितले. करारनाम्याचा मसुदा इंग्रजीत, बेचाळीस पानांचा. तो घेऊनच हे बंधू आले होते. “साहेब, सही करू का, एवढेच सांगा,” असे म्हणाले.

आम्ही मसुदा वाचला. रक्कम, टक्केवारी, मुदत हे सर्व त्यांना तोंडपाठ होते. एका कलमाकडे मात्र त्यांचे लक्ष गेलेले नव्हते. ते कलम असे की, कंपनी आपले सर्व हक्क कोणालाही, केव्हाही हस्तांतरित करू शकेल. दुकानदाराला मात्र कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय आपले दुकान दुसऱ्याला देता येणार नाही. आम्ही विचारले, “उद्या ही कंपनीच कोणी विकत घेतली तर?” ते म्हणाले, “घेऊ दे की. पाटी तर तीच राहील ना?”

पाटी तीच राहते हे खरे आहे. पण पाटीमागचा माणूस बदलला की दुकानदाराचे काय होते, हे आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंना ठाऊक असणे आवश्यक आहे. आजचा लेख त्यासाठीच.

विकले काय जाते?

फ्रँचायझी म्हणजे नाव वापरण्याचा परवाना. मूळ कंपनी आपले नाव, पद्धत व पाककृती देते. दुकानदार जागा, भांडवल व मेहनत घालतो. त्याबद्दल तो सुरुवातीला एकरकमी फी आणि पुढे दरमहा विक्रीचा ठरावीक टक्का देतो. या टक्क्याला रॉयल्टी म्हणतात. जाहिरातीसाठी बहुधा वेगळा टक्का असतो.

आता एक उदाहरण पाहा. अमेरिकेतील ‘सबवे’ ही सँडविच विकणारी कंपनी १९६५ मध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाने, कुटुंबाच्या स्नेह्याने दिलेल्या एक हजार डॉलरवर सुरू केली. ऑगस्ट २०२३ मध्ये ती रोर्क कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने घेण्याचे जाहीर केले आणि २०२४ मध्ये व्यवहार पुरा झाला. किंमत सुमारे साडेनऊ अब्ज डॉलर. त्या वेळी जगात सबवेची ३७ हजारांच्या आसपास दुकाने होती, आणि जवळजवळ सर्वच्या सर्व दुसऱ्यांच्या मालकीची. भट्टी दुकानदाराची, भाडे दुकानदाराचे, नोकरांचा पगारही दुकानदाराचाच. मग साडेनऊ अब्ज डॉलर कशाचे मोजले? अमेरिकेत सबवेचा दुकानदार विक्रीवर आठ टक्के रॉयल्टी देतो. मोजले ते या आठ टक्क्यांचे. म्हणजे हजारो दुकानदारांच्या गल्ल्यातला कायमचा हिस्सा विकला गेला, आणि त्या विक्रीवर सही करायला त्यांच्यापैकी कोणालाही बोलावण्याचे कारण नव्हते.

प्रायव्हेट इक्विटी म्हणजे कोण?

रोर्कसारख्या संस्थांना ‘प्रायव्हेट इक्विटी’ म्हणतात. पेन्शन फंड, विमा कंपन्या, विद्यापीठे व मोठे धनिक यांचा पैसा एकत्र करून या संस्था चालत्या कंपन्या विकत घेतात. आपल्याकडे पुष्कळांचा असा समज आहे की हे लोक स्वतःचा पैसा ओततात. तो पुरता खरा नाही. किमतीचा मोठा भाग बहुधा कर्जाचा असतो आणि ते कर्ज घेणाऱ्या संस्थेच्या नव्हे, विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर बसते. एखाद्याने तुमचे दुकान घ्यावे आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता तुमच्याच गल्ल्यातून भरावा, तसा हा प्रकार होय.

संस्थेची स्वतःची कमाई दोन प्रकारची. जमविलेल्या निधीवर दरसाल सुमारे दोन टक्के व्यवस्थापन फी आणि नफ्यात सुमारे वीस टक्के वाटा, असा रूढ रिवाज आहे. निधीची मुदत बहुधा दहा वर्षांची असते. त्यामुळे घेतलेली कंपनी चार-सहा वर्षांत वाढवून विकणे किंवा शेअर बाजारात आणणे हे त्यांचे उद्दिष्ट असते. आपला बेकरीवाला दुकान मुलासाठी चालवतो. या संस्था दुकान पुढच्या गिऱ्हाइकासाठी चालवतात. दोघांच्या हिशेबातला फरक येथूनच सुरू होतो.

फ्रँचायझी कंपन्यांवर त्यांची नजर असते याचे कारण साधे आहे. पिठाचा भाव वाढो, वीज महागो, कारागीर गावी निघून जावोत, रॉयल्टी विक्रीवर मिळते, नफ्यावर नाही. दुकान तोट्यात असले तरी विक्री चालू आहे तोवर टक्का येत राहतो. असे बांधलेले उत्पन्न दाखविले की कर्ज देणारेही खुशीने कर्ज देतात.

एका डॉलरचा बर्गर

हा फरक प्रत्यक्षात कसा दिसतो, याचा धडा ‘बर्गर किंग’च्या हकीकतीत मिळतो. ही कंपनी १९५४ मध्ये मायामी येथे उभी राहिली. १९६७ मध्ये ती पिल्सबरी या पीठ कंपनीकडे गेली, १९८९ मध्ये पिल्सबरीसह इंग्लंडच्या ग्रँड मेट्रोपॉलिटनकडे, आणि १९९७ मध्ये त्या कंपनीच्या विलीनीकरणातून निघालेल्या दियाजिओ या दारू कंपनीकडे. २००२ मध्ये टीपीजी, बेन कॅपिटल व गोल्डमन सॅक्स यांच्या निधींनी मिळून ती दीड अब्ज डॉलरला घेतली. मे २००६ मध्ये ती शेअर बाजारात आली. पण त्याच्या तीन महिने आधी कंपनीने नवे कर्ज काढून मालकांना ३६ कोटी ७० लाख डॉलरचा खास लाभांश वाटला होता.

तीन वर्षांनी, २००९ मध्ये, कंपनीने ठरविले की मोठा डबल चीजबर्गर एका डॉलरला विकायचा. गर्दी वाढावी हा हेतू. दुकानदारांच्या राष्ट्रीय संघटनेने न्यायालयात दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की हा बर्गर बनवायला किमान एक डॉलर दहा सेंट खर्च येतो. म्हणजे प्रत्येक नगामागे दहा सेंट खिशातून जातात. कंपनीला मात्र त्या एका डॉलरवरही साडेचार टक्के रॉयल्टी मिळतच होती. २०१० मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने. पदार्थाचा कमाल भाव ठरविण्याचा अधिकार करारानेच कंपनीला दिलेला आहे, असे न्यायालयाचे मत पडले. दुकानदारांनी सही केली होती.

त्याच वर्षी ३जी कॅपिटल या ब्राझीलच्या धनिकांच्या संस्थेने कर्जासह सुमारे चार अब्ज डॉलरला कंपनी घेतली. कंपनीची स्वतःची अशी सुमारे १,३०० दुकाने तेव्हा होती. तीन वर्षांत त्यांपैकी जवळजवळ सर्व फ्रँचायझीवाल्यांना विकण्यात आली, जेमतेम पन्नासच्या आसपास उरली. भट्टी, भाडे व पगार यांची जोखीम दुकानदाराकडे गेली आणि कंपनीकडे टक्का राहिला. शेअर बाजाराने या धोरणाचे कौतुक केले. पुढे २०१४ मध्ये कॅनडाची टिम हॉर्टन्स व २०१७ मध्ये पोपाइज ही चिकनची साखळी त्यात मिळविण्यात आली. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत मात्र अमेरिकेतील दोन मोठ्या बर्गर किंग फ्रँचायझीधारकांनी दिवाळखोरीचे अर्ज केले. दोघांची मिळून दोनशेच्या आसपास दुकाने होती.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बेन कॅपिटलने १९९८ मध्ये ‘डॉमिनोज’ पिझ्झा घेतला. २००४ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली आणि पुढे तिची भरभराट झाली. बर्गर किंगच्या मूळ कंपनीनेही २०२२ मध्ये अमेरिकेतील दुकानांची डागडुजी व जाहिरात यांसाठी ४० कोटी डॉलर घालण्याचे जाहीर केले. नवा मालक वाईटच असतो असे आम्ही म्हणत नाही. तो चांगला निघेल की वाईट, हे ठरविण्यात दुकानदाराला मत नसते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे आपल्याकडेही घडले आहे

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे कोणी म्हणेल. वडीलधाऱ्यांना १९९३ साल आठवत असेल. मुंबईच्या पार्ले कंपनीचे रमेश चौहान यांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा व सिट्रा ही आपली शीतपेयांची नावे कोका-कोलाला विकली. पार्ले हे पेय स्वतः सगळीकडे भरत नसे. गावोगावचे कारखानदार पार्लेकडून अर्क घेऊन, स्वतःच्या यंत्रांवर, स्वतःच्या बाटल्यांत पेय भरत आणि स्वतःच्या गाड्यांतून पोचवत. त्यांना बॉटलर म्हणत. वर्षानुवर्षे हे नाव त्यांनी घाम गाळून गल्लोगल्ली पोचवले होते. एके दिवशी नाव विकले गेले आणि बॉटलरांचा मालक अटलांटाचा झाला. पुढच्या काही वर्षांत कोका-कोलाने बहुतेक बॉटलरांचे कारखाने घेऊन टाकले.

यातूनच एक खटला उभा राहिला, जो व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. गुजरात बॉटलिंग या कंपनीचा कोका-कोलाशी करार होता. १९९५ मध्ये तिचे भाग पेप्सीशी संबंधित मंडळींकडे गेले आणि तिने कोका-कोलाला नोटीस देऊन पेप्सीचा माल भरण्याची तयारी केली. कराराची मुदत चालू असेपर्यंत दुसऱ्याचा माल भरायचा नाही, अशी अट करारात होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. धंद्याला अटकाव करणारा करार रद्दबातल असतो असे भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २७ सांगते, हा मुद्दा मांडला गेला. न्यायालयाने सांगितले की करार चालू असतानाची अशी अट या कलमाच्या आड येत नाही. म्हणजे जिला कारखाना होता, कामगार होते, त्या कंपनीला नोटिशीची मुदत सरेपर्यंत दुसऱ्याचा माल भरता आला नाही.

इकडे थम्स अप हे नाव वाढतच गेले. २०२१ मध्ये त्याची वार्षिक विक्री एक अब्ज डॉलरवर गेल्याचे कोका-कोलाने जाहीर केले.

प्रायव्हेट इक्विटीही आता आपल्या दारात आहे. भारतातील बर्गर किंगचा परवाना २०१३ मध्ये एव्हरस्टोन या संस्थेने उभारलेल्या कंपनीने घेतला. नोव्हेंबर २०१४ मध्ये दिल्लीत पहिले दुकान उघडले. डिसेंबर २०२० मध्ये शेअर साठ रुपयांना विकायला काढला. कंपनी तोट्यात असूनही मागणी दीडशे पटींवर गेली आणि पहिल्याच दिवशी भाव ११० रुपयांच्या वर उघडला. त्या विक्रीत काही भाग जुन्या मालकांनी आपले शेअर मोकळे करण्याचाही होता. २०२५ मध्ये तो भाव पहिल्या दिवसाच्या भावाच्या बराच खाली फिरत होता. केएफसी व पिझ्झा हट चालविणाऱ्या सफायर फूड्समागेही समारा कॅपिटल ही अशीच संस्था राहिली आहे. अशा बड्या नावांचा परवाना साऱ्या देशासाठी किंवा मोठ्या भागासाठी एक-दोन कंपन्यांनाच मिळतो. लहान व्यापाऱ्याच्या वाट्याला येते ते चहाचे दुकान, केकचे दुकान, सलून, औषधाचे दुकान, कुरियर किंवा कपड्यांचे शोरूम. नाव लहान असो वा मोठे, करारनाम्याचा साचा तोच असतो.

‘इस्लामी’ गुंतवणूकदाराचीही एक गोष्ट

आमच्या काही वाचकांना वाटेल की मालक मुसलमान असता, पैसा शरीयतप्रमाणे असता, तर प्रश्नच नव्हता. येथेही एक खरी हकीकत सांगणे भाग आहे. बहरीनच्या फर्स्ट इस्लामिक इन्व्हेस्टमेंट बँकेने, जिचे नाव पुढे आर्कापिटा झाले, २००० मध्ये अमेरिकेतील ‘कॅरिबू कॉफी’ घेतली. २००४ मध्ये ‘चर्चेस चिकन’ ही फ्रँचायझी साखळी ३९ कोटी डॉलरला घेण्याचा व्यवहार केला. बँकेला शरीयत सल्लागार मंडळ होते. चर्चेस चिकन २००९ मध्ये एका अमेरिकन प्रायव्हेट इक्विटी संस्थेला विकली गेली. म्हणजे दुकानदारांच्या नशिबी पाच वर्षांत पुन्हा नवा मालक आला. १९ मार्च २०१२ रोजी खुद्द आर्कापिटानेच न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरी-संरक्षणाचा अर्ज केला. सुमारे १ अब्ज १० कोटी डॉलरची मुराबहा पद्धतीची रक्कम २८ मार्चला फेडायची होती आणि ती हाती नव्हती.

व्याजाऐवजी मुराबहा हा शब्द वापरला म्हणून अंगावरचा बोजा हलका होत नाही आणि फेडीची तारीखही पुढे सरकत नाही. शरीयतचा शिक्का पाहून समाधान मानण्यापेक्षा व्यवहाराचा गाभा पाहावा, हे या उदाहरणावरून शिकण्यासारखे आहे.

शरीयतच्या दृष्टीने

नावासाठी पैसे देणे मुळात जायज आहे काय, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात याविषयी ठराव केला आहे. व्यापारी नाव, चिन्ह, शोध व लेखन हे त्यांच्या धन्यांचे हक्क असून त्यांना आर्थिक मूल्य आहे. फसवणूक व संदिग्धता नसेल तर त्यांचा मोबदला घेऊन व्यवहार करता येतो, असा त्याचा आशय. यात महत्त्वाची अट संदिग्धतेची, म्हणजे गररची आहे. बेचाळीस पानांचा करार न वाचता केलेली सही ही स्वतःहून ओढवून घेतलेली संदिग्धता नव्हे काय?

दुसरी गोष्ट. कंपनीचे लोक ‘तुम्ही आमचे पार्टनर’ असे म्हणतात. हा शब्द सैल आहे. मुशारकतीत दोघेही भांडवल घालतात, नफा ठरल्या प्रमाणात वाटतात आणि तोटा भांडवलाच्या प्रमाणात सोसतात. मुदारबतीत एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. भांडवल बुडाले तर ते भांडवलवाल्याचे, मेहनतीचे चीज झाले नाही तर ते मेहनतवाल्याचे. हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत खदीजा (र.) यांच्या भांडवलावर व्यापार केला होता हे आपण सर्व जाणतो. रॉयल्टीत तोट्याची वाटणी नसते. तो नावाचा किराया आहे. किराया म्हणून तो समजून-उमजून द्यावा, पण भागीदारी समजून भुलू नये. एखाद्या करारातील बारीक कलमाबद्दल शंका असल्यास आपल्या भागातील मुफ्ती साहेबांना मसुदा दाखवून विचारावे.

हिशेब मांडून पाहा

समजा, एका दुकानाची महिन्याची विक्री तीन लाख रुपये आहे. माल दीड लाखाचा, भाडे-पगार-वीज नव्वद हजार, रॉयल्टी सहा टक्के व जाहिरात दोन टक्के मिळून चोवीस हजार. हाती उरले छत्तीस हजार. आता कंपनीने सवलतीची योजना काढली. विक्री साडेतीन लाख झाली, पण भाव उतरल्यामुळे माल दोन लाख दहा हजारांचा लागला. जादा माणसामुळे भाडे-पगार-वीज पंच्याण्णव हजार, कंपनीचे आठ टक्के म्हणजे अठ्ठावीस हजार. हाती उरले सतरा हजार. दुकानात गर्दी वाढली, कंपनीचे चार हजार वाढले आणि दुकानदाराचे एकोणीस हजार कमी झाले. रॉयल्टीवर वस्तू व सेवा कर अठरा टक्के, तो यात आम्ही धरलेला नाही.

सही करण्यापूर्वी

अमेरिकेत १९७९ पासून असा नियम आहे की फ्रँचायझी देणाऱ्याने आपली माहिती-पुस्तिका आधी दिलीच पाहिजे. आज ती सहीच्या किमान चौदा दिवस आधी द्यावी लागते. कंपनीवरील खटले, सर्व खर्च, सोडून गेलेल्या दुकानदारांची नावे हे तीत येते. भारतात फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. करार कायदा व १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांवरच सारे चालते. म्हणून जी चौकशी तेथे कायदा करवतो, ती येथे आपणच केली पाहिजे.

१) कंपनी विकली गेली तर काय? नव्या मालकाला जुन्याच अटी बंधनकारक राहतील आणि रॉयल्टी वाढणार नाही, असे लिहून घ्यावे. ठराविक मुदतीत, दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुभा मिळाली तर उत्तम.

२) भाव व सवलत कोण ठरवणार? कंपनीने लादलेल्या सवलतीचा भार कोणाच्या अंगावर, हे स्पष्ट असावे.

३) माल कोणाकडून घ्यायचा? कंपनीकडूनच घेणे सक्तीचे असेल तर बाजारभावाशी तुलना करावी. रॉयल्टी कमी दाखवून मालात कमाई करण्याचा प्रकार असू शकतो. आपल्या खाटीक, मसालेवाले बंधूंनी हलालची खात्री कोण देणार, हेही येथेच विचारावे.

४) हद्द किती? शेजारच्या चौकात दुसरे दुकान उघडणार नाही ना? मोबाइलवरून येणाऱ्या ऑर्डरी कोणाच्या?

५) मुदत संपल्यावर काय? नूतनीकरणासाठी पुन्हा फी आहे काय, दुकान नव्याने सजवण्याची सक्ती आहे काय?

६) हमी कोणाची? धंद्याच्या करारात राहत्या घराची किंवा घरातील स्त्रीच्या नावावरील मालमत्तेची हमी शक्यतो देऊ नये.

७) सोडताना काय? किती महिन्यांची नोटीस, त्या काळात आपला स्वतःचा माल विकता येईल का, तंटा कोणत्या शहरात चालणार? रत्नागिरीच्या माणसाला दर तारखेला दिल्ली गाठणे परवडणार नाही.

आणि सर्वांत मोलाचे म्हणजे त्या कंपनीच्या निदान चार जुन्या दुकानदारांना, आणि त्यांत दुकान बंद केलेल्या दोघांना, स्वतः जाऊन भेटावे. कंपनीच्या माणसाबरोबर नव्हे, एकट्याने.

आपलेही नाव आहे

शेवटी एक गोष्ट. आपल्या समाजात हुनर पिढीजात आहे. बिर्याणी, बेकरी, शिवण, चामडे, अत्तर यांत आपली दुकाने नावाजलेली आहेत. पण नाव पाटीवर असते, कागदावर नसते. मुंबईच्या फोर्ट भागात दोन इटालियन भावांनी चालविलेले मॉन्जिनिस हे नाव १९५८ मध्ये खोराकीवाला कुटुंबाने घेतले. पुढे त्याच नावाची केकची दुकाने फ्रँचायझीने गावोगावी उभी राहिली. नाव घेणारे नाव देणारेही होऊ शकतात, याचे हे उदाहरण.

व्यापारचिन्हाची नोंदणी अवघड नाही. व्यक्ती व लहान उद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये ठरविण्यात आलेली आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि नंतर नूतनीकरण करता येते. वकिलाची फी वेगळी. भावाभावांत वाटण्या होण्यापूर्वी, आणि शेजाऱ्याने तेच नाव उचलण्यापूर्वी, हे काम उरकावे.

आमच्या त्या वाचकबंधूंनी त्या दिवशी सही केली नाही. त्यांनी कंपनीला चार गोष्टी लेखी विचारल्या. कंपनीने घराच्या हमीची अट काढली, हद्दही लिहून दिली. हस्तांतराचे कलम मात्र बदलायला नकार दिला. बंधूंनी आम्हाला फोनवर सांगितले, “आता निदान कळले तरी, काय विकत घेतो आहे ते.” दोन जुने दुकानदार भेटून झाले आहेत, दोन बाकी आहेत. वडिलांच्या बेकरीचे नाव नोंदवण्याचा अर्ज मात्र त्यांनी दाखल केला आहे.

कर्ज व करार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनात सूरह बकरामध्ये विस्ताराने आली आहे, हे आपण मिंबरवरून अनेकदा ऐकतो. लिहिलेले वाचणे हा त्याच ताकिदीचा भाग आहे, असे आम्हाला वाटते. भाऊ चौदा वर्षे उन्हात राबून जे कमावतो, ती घराची अमानत असते. तिच्यावर सही करण्यापूर्वी चौदा दिवस वाचन-विचारात घालवले तर वाया गेले असे होत नाही. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो.